'राखीव गोली': लोक विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

माझं 'राखीव गोली' हे फुटबॉलचं पुस्तक येऊन दीड महिना झाला आणि तेवढ्यात माझा घसा बसलाय, कारण फोनवर, व्हॉट्सअॅपवर, मार्केट यार्डातल्या चहाच्या गाड्यावर, लग्नात जेवणाच्या लायनीत सगळीकडं तेच पंधरा-वीस प्रश्न आणि तीच उत्तरं. पोरगी म्हणली पप्पा एकदा लिहून टाका आणि कुणी विचारलं की हेच पाठवा. म्हणून हा उद्योग. क्रम काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

नावात प्रिंटिंग मिस्टेक आहे का? 'गोळी' पाहिजे होतं ना?

नाही हो. गोलीच. गोलकीपरला आमच्याकडं गोली म्हणतात, सांगली मिरज कोल्हापूर गडहिंग्लज कुठंही जा, ग्राउंडवर कुणी 'गोलरक्षक' म्हणून हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. एका मेडिकलवाल्यानं पुस्तक काउंटरवर ठेवायला घेतलं ते औषधांबद्दल आहे असं समजून, त्याचे पाच विकले गेले, त्यामुळं मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.

आणि राखीव म्हणजे? आरक्षणाबद्दल आहे का?

हा प्रश्न आजपर्यंत कमीत कमी तीस जणांनी विचारलाय, त्यातल्या दोघांनी चिडून. राखीव म्हणजे रिझर्व्ह, बाकावरचा, एक्स्ट्रा. टीमला गोली दोन असतात, एक खेळतो आणि दुसरा पहिल्याला काही झालं तर म्हणून जर्सी घालून बसतो. मी दुसरा.

तुम्ही नक्की कोण? कुठल्या टीमकडनं खेळलात?

वय ५६, राहणार सांगली, गावभाग. नोकरी हळदीच्या पेढीवर हिशेबाची, गेली २९ वर्षं एकाच ठिकाणी. १९८६ ते १९९७ असे अकरा सीझन सांगलीच्या एका टीममध्ये होतो. टीमचं नाव पुस्तकात बदललंय आणि इथंही सांगत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आम्ही काही फार मोठे नव्हतो, मिरजेत रेल्वे क्वार्टर्सकडच्या पोरांशी खेळायचो, गडहिंग्लजला स्पर्धेला जायचो आणि कधीतरी एंट्री मिळाली की कोल्हापूरला, तिथं पहिल्या दुसऱ्या राउंडला हरून संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत. ती पॅसेंजर पुस्तकात बऱ्याचदा येते, वाचणाऱ्यांनी तक्रार केलीय की फुटबॉलपेक्षा रेल्वेच जास्त आहे. असू दे.

अकरा वर्षांत एकूण किती मॅच खेळलात?

पूर्ण नऊ. अर्धवट चार. त्या चारातल्या एकीत मी ग्राउंडवर एकूण दोन मिनिटं होतो, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

मग राग मानू नका, पण एवढं कमी खेळलेल्या माणसाचं पुस्तक आम्ही का वाचायचं?

राग नाही मानत, हा प्रश्न माझ्या सख्ख्या भावानं पहिल्यांदा विचारला.

असं बघा. दुसऱ्या दिवशी पेपरात मॅचची बातमी यायची त्यात गोल कुणी मारले, चांगला खेळ कुणाचा, एवढंच. जास्तीत जास्त अकरा नावं. एक्स्ट्राचं नाव कधीच यायचं नाही. म्हणजे मी अकरा वर्षं दर रविवारी कुठंतरी होतो, अंगावर जर्सी होती, बूट पॉलिश केलेले होते आणि कुठल्याच कागदावर त्याचा पुरावा नाही. आणि असा मी एकटा नाही, प्रत्येक टीमला असे चार-पाच जण असतातच की. १९६२ साली जकार्ताच्या एशियन गेम्सला भारतानं फुटबॉलचं गोल्ड घेतलं, फायनलला दक्षिण कोरियाला २-१ हरवून. त्या टीमला पीटर थंगराज आणि प्रद्योत बर्मन असे दोन गोली होते. थंगराज हे नाव फुटबॉलमध्ये जरा तरी रस असलेल्या माणसानं ऐकलेलं असतं, बर्मन म्हणलं की समोरचा आर. डी. बर्मन म्हणतो. मला त्या दुसऱ्या माणसाबद्दल वाचायला आवडलं असतं. कुणी लिहिलेलं हाताला लागलं नाही म्हणून मग माझ्या लेव्हलवर माझंच लिहिलं.

दुसरं कारण जरा स्वार्थी आहे. खेळणाऱ्याला मॅच दिसत नाही. त्याला बॉल दिसतो, समोरचा माणूस दिसतो, बास. बाकावरच्याला कोच काय पुटपुटतो ते ऐकू येतं, हाफ टाइमला लिंबू कुणाला मिळालं नाही ते दिसतं, लाइनवर उभं राहून शिव्या देणारा माणूस कुणाचा सासरा आहे हे कळतं. हे सगळं पुस्तकात आहे. गोल कमी आहेत.

सांगलीत फुटबॉल होता तरी का? सांगली म्हणजे कुस्ती आणि क्रिकेट ना?

होय, ते खरंय. विजय हजारे सांगलीचे, स्मृती मानधना सांगलीत वाढली, आणि कुस्ती म्हणाल तर कवठेपिरानचे मारुती माने, ज्यांनी त्याच १९६२ च्या जकार्तात गोल्ड आणलं. म्हणजे एकाच स्पर्धेत आमच्या जिल्ह्याचं कुस्तीतलं गोल्ड आणि देशाचं फुटबॉलचं गोल्ड, पण आमच्या गावात मिरवणूक कशाची आठवतात ते सांगायला नको.

फुटबॉलचं वेड म्हणजे कोल्हापूर. तिथं पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ असल्या पेठांच्या आणि तालमींच्या टीमा, शाहू स्टेडियम भरलेलं, मॅचच्या आधी आठ दिवस पेठेत दुसरा विषय नाही. आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर हे चाललेलं असायचं आणि आम्ही सांगलीत बारा पोरं गोळा करायला सायकलवरून गल्ल्या फिरायचो. बारा का, तर बारावा मी. मी प्रॅक्टिसला कधी दांडी मारली नाही हे माझं क्वालिफिकेशन. मजा म्हणजे कोल्हापूरची पोरं आम्हाला 'हळदीवाले' म्हणायची, तेव्हा टीममध्ये एकाचाही हळदीशी संबंध नव्हता, माझाही नव्हता, तो नंतर आला.

हे सगळं इतक्या वर्षांनी आठवलं कसं? डायरी होती का?

वही होती. दोनशे पानी, लांब, खाकी कव्हरची, त्यात कात्रणं चिकटवलेली आणि प्रत्येक मॅचची मी स्वतः काढलेली आकृती, कोण कुठं उभा होता, गोल कुठनं बसला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या घरात माळ्याच्या खाली दोन बोटं राहिलं होतं आणि वही माळ्यावर नव्हती, कपाटात होती. २००५ ला मी तीच वही आधी उचलली होती, या वेळी आईच्या गोळ्या आणि रेशनकार्ड उचललं. पाणी ओसरल्यावर वहीचा नुसता लगदा मिळाला, खळीच्या वासाचा.

महिनाभर काही वाटलं नाही कारण चिखल काढण्यात गेला. मग एक दिवस पेढीवर बसल्या बसल्या पावतीच्या मागं १९९१ ची एक मॅच आठवून काढायला लागलो, आकृतीसकट, आणि ती पूर्ण आली. मग दुसरी. असं करत करत दोन वर्षांत ४३ मॅच झाल्या. तारखा चुकल्या असतील, स्कोअर चुकले नसतील. जिथं मला खात्री नाही तिथं मी पुस्तकात 'बहुतेक' असं लिहिलंय, एका वाचकानं मोजलं, ७१ वेळा आहे.

त्या गडहिंग्लजच्या टायब्रेकरचं नक्की काय झालं?

हा प्रश्न पुस्तक वाचलेले पण विचारतात आणि न वाचलेले पण, कारण ती गोष्ट आमच्या भागात माझ्या आधी पोचलेली आहे आणि बऱ्याच ठिकाणी चुकीची पोचलेली आहे. थोडक्यात सांगतो.

१९९४, दिवाळीनंतरची स्पर्धा, सेमीफायनल, १-१. दोन मिनिटं राहिली होती. कोचनी मला उठवलं. म्हणाले तो उंच आहे पण खाली पडायला वेळ लावतो, तू पडतोस लवकर, जा. पहिला गोली बाहेर आला, त्यानं काही न बोलता हातमोजे काढून मला दिले, आतनं घामानं ओले होते, ते घालताना माझी बोटं एकात एक अडकली. रेफ्रीनं घाई केली. दोन मिनिटांत बॉल माझ्याकडं आलाच नाही.

टायब्रेकरला, म्हणजे बरोबरी राहिली की आळीपाळीनं पेनल्टी मारून निकाल लावतात त्यात, त्यांचे पहिले तीन आत गेले, आमचेही तीन गेले. चौथा मी अडवला. उजवीकडं, खाली, दोन्ही हातांनी, बॉल बाहेर. आमची पोरं निम्म्या ग्राउंडपर्यंत पळत आली आणि शिट्टी वाजली. लाइन्समनचा झेंडा वर. गोली हलला. परत मारा. परत मारला, डावीकडं, गेला. पुढं आमचे दोन हुकले आणि आम्ही ४-३ हरलो.

आता माझं म्हणणं, आणि पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण याच्यावरच आहे. रेफ्री चुकला नव्हता. त्या वेळचा नियम असा होता की किक बसेपर्यंत गोलीनं लाइनवर उभं राहायचं आणि पाय हलवायचे नाहीत. मी हललो होतो. पण पुढं नाही, लाइनवरच आडवा, अर्धं पाऊल. १९९७ ला नियम बदलला आणि लाइनवर आडवं सरकायला परवानगी आली. तीन वर्षं. ज्या दिवशी मला हा बदल कळला त्या दिवशी मी दुपारचं जेवलो नाही, बायको नवीन होती, तिला वाटलं भाजी बिघडली. आता तर २०१९ पासून किकच्या वेळी एका पायाचा थोडा भाग लाइनवर असला की झालं. हल्लीच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही की कधीकाळी आम्हाला खांबासारखं उभं केलं जायचं.

आणि शेवटच्या मिनिटाला गोली बदलायची आयडिया. २०१४ च्या वर्ल्डकपला हॉलंडनं कोस्टारिकाविरुद्ध १२० व्या मिनिटाला टिम क्रुलला आणलं, त्यानं दोन अडवले, हॉलंड जिंकलं, सगळ्या जगानं कोचचं कौतुक केलं. आमच्या कोचनी तेच वीस वर्षं आधी गडहिंग्लजला केलं होतं आणि परतीच्या ट्रकमध्ये त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. ते आता नाहीत. पुस्तक त्यांना अर्पण केलंय.

बॅकपासवर एक अख्खं प्रकरण कशाला?

कारण त्यात माझा जीव अडकलेला होता. १९९२ च्या आधी बॅकनं, म्हणजे गोलीच्या पुढं बचावाला असलेल्यानं, पायानं मागं दिलेला बॉल गोलीनं हातात घेतलेला चालायचा. मग नियम आला की आपल्या माणसानं मुद्दाम पायानं दिलेला पास हातानं धरायचा नाही. म्हणजे गोलीला पायानं खेळता आलं पाहिजे. आमच्या पहिल्या गोलीला पाय म्हणजे नुसते उभं राहायला होते. मी मात्र सहा वर्षं प्रॅक्टिसला गोलमध्ये जागा नसल्यामुळं बॅकमध्ये खेळलेलो, माझे दोन्ही पाय चालायचे. मला वाटलं आता आपला नंबर. झालं काय, तर आमच्या बॅकनी मागं पास देणंच बंद केलं, सरळ बाहेर मारायचे. नियम माझ्यासाठी आला आणि थ्रो-इन वाढवून गेला.

कव्हरवरचे ते हातमोजे खरे आहेत का?

खरे आहेत, माळ्यावर होते म्हणून वाचले. साधे लोकरीचे, तळव्याला टेबल टेनिसच्या फुटक्या बॅटचं रबर कापून पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलंय. गोलीचे तयार ग्लोव्हज त्या वेळी सांगलीत मिळायचे नाहीत आणि मिळाले असते तरी परवडले नसते. पावसात हे मस्त चालायचे, उन्हात सोल्युशन सुटायचं आणि रबर बॉलबरोबर जायचं. पॅंटला गुडघ्यावर आणि कमरेला गोधडीचे तुकडे आईनं आतनं शिवून दिलेले, तो फोटो आत आहे.

पुस्तकातली नावं खरी आहेत का?

माझं खरं. मोठ्या खेळाडूंची, गावांची, स्टेडियमची खरी. माझ्या टीममधल्या सगळ्यांची बदललेली, तरी पण प्रत्येकानं स्वतःला ओळखलंय, आणि तिघांनी एकाच पात्रात स्वतःला ओळखलंय. त्यातला जो खरा आहे तो गप्प आहे.

पहिल्या गोलीनं पुस्तक वाचलं का? काय म्हणाला?

तो साखर कारखान्यात काट्यावर होता, आता रिटायर झालाय. मी स्वतः जाऊन प्रत दिली, भीती होती कारण त्याच्या फुटवर्कबद्दल बरंच लिहिलंय. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, रात्री साडेदहाला. म्हणाला, "मला यातल्या निम्म्या मॅचा आठवतच नाहीत रे, आपण कराडला कधी गेलेलो?" मी सांगितलं कधी गेलो, कुणाच्या जीपमधनं, त्यानं कुठल्या हातानं पंच केला होता. मग तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणला पान ९८ वर माझा बूट फाटका होता असं लिहिलंयस ते खोटं आहे, तो तुझा होता, मी घातला होता. ते बरोबर आहे. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करणार, निघाली तर.

प्रकाशक कुणी मोठा मिळाला नाही का?

तीन ठिकाणी हस्तलिखित पाठवलं. एकाकडनं उत्तर नाही. दुसऱ्यानं सांगितलं फुटबॉल मराठीत चालत नाही, क्रिकेटचं असेल तर बघू, म्हणजे जणू मी खेळ बदलून पण लिहू शकतो. तिसऱ्यानं लगेच हो म्हणलं आणि दोन दिवसांनी कोटेशन पाठवलं, एक लाख चाळीस हजार, त्यात मला शंभर प्रती, बाकीच्या त्यांच्याकडं, हिशेब वर्षानं. मी आयुष्यभर हिशेबच केलेत. तो कागद बघितला आणि कळलं की वर्षानं सुद्धा हिशेब येणार नाही.

मग स्वतःच छापलं. आयएसबीएन नंबर काढायला पैसे लागत नाहीत हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे ती फुकट देते, ऑनलाइन अर्ज. कुणी त्याचे पाच हजार मागितले तर सावध व्हा. डीटीपी इथंच सांगलीत केलं, ५०० प्रती, सगळं धरून ६५ हजार. मोटारसायकल बदलायला ठेवलेले होते, जुनी अजून चालतेय.

त्यात एक गंमत झाली, माझं पुस्तक सेट होऊन २१४ पानांचं आलं. डीटीपीवाल्या ताई म्हणाल्या काका फॉर्म १६ पानांचा असतो, २०८ म्हणजे १३ फॉर्म, २२४ म्हणजे १४, मधलं काही नाही. एक तर दहा पानं कोरी सोडा नाहीतर सहा पानं उडवा. मी सहा उडवली. माझ्या शाळेतल्या बक्षिसांची होती, पुस्तक सुधारलं.

आणि हो, प्रकाशक म्हणून आता मीच असल्यामुळं १९५४ च्या कायद्याप्रमाणं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि दिल्ली, चेन्नई, मुंबईच्या लायब्ररींना प्रती पाठवाव्या लागतात. पाठवल्या. बायको म्हणली चार पुस्तकं फुकट गेली. मी म्हणलं अगं कोलकात्यात जातंय, मोहन बागान फुटबॉल क्लबच्या गावात.

३०० रुपये जास्त नाहीत का?

छपाईचा खर्च एका प्रतीला १३० पडला, वर सांगितलेल्या आकड्यांवरून तुम्ही पण काढू शकता. दुकानदाराला किंवा वितरकाला ४० टक्के द्यावे लागतात, म्हणजे माझ्याकडं येतात १८०. राहिले ५०. त्यातनं येणं-जाणं, पोस्टर, आणि ज्या प्रती भिजतात, हरवतात, 'वाचून देतो' म्हणून जातात त्या. थेट माझ्याकडनं घेतली तर २४० ला देतो.

पीडीएफ पाठवा ना.

नाही.

अहो आम्ही फक्त वाचणार, कुणाला पाठवणार नाही.

मागच्या आठवड्यात एका ग्रुपवर माझ्याच पुस्तकाच्या पहिल्या वीस पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो आले, खाली 'खूप छान लेखन, लेखक अज्ञात'. अकरा वर्षं अज्ञात राहिलो म्हणून तर पुस्तक लिहिलं राव.

जुन्या मित्रांना भेट प्रत नाही का?

टीममधल्या सगळ्यांना दिलीय, जे गेले त्यांच्या घरी जाऊन दिलीय. बाकीच्यांनी विकत घ्या. ज्यानं माझ्या लग्नात आहेर केला नव्हता तो पहिली प्रत मागतोय, हे पण मी वहीत लिहून ठेवलंय, नवीन वही घेतलीय.

कुठं मिळेल? पोस्टानं येईल का?

सांगली, मिरज, कोल्हापुरातल्या काही दुकानांत आहे, आणि वर सांगितलेल्या मेडिकलमध्ये. पोस्टानं पाठवतो. पुस्तकाचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास आहे, खाकी पाकिटासकट तीनशेच्या आत बसतं, हे मी मुद्दाम पेढीच्या काट्यावर बघितलं. पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' म्हणून पुस्तकांसाठी सोय १ मे २०२५ पासून आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर टॅक्स, रस्त्यानं-रेल्वेनं जातं त्यामुळं दोन दिवस इकडं-तिकडं होतात, घाई असेल तर स्पीड पोस्टचे पैसे वेगळे पाठवा. ऑर्डरीचा नंबर पोस्टरवर आणि पुस्तकाच्या मागं आहे. रात्री दहानंतर फोन करू नका, पहिला गोली सोडून.

मुलांना वाचायला देता येईल का? शिव्या आहेत का?

आहेत. फुटबॉलचं पुस्तक आहे. जिथं फारच होत्या तिथं फुल्या टाकल्यात, पण कोल्हापूरच्या माणसाला फुल्या मोजून बरोबर शब्द कळतो. सातवी-आठवीच्या पुढच्यांना द्यायला हरकत नाही, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात.

आमच्या शाळेत, लायब्ररीत, मंडळात बोलायला याल का?

येतो. मानधन नको, येण्या-जाण्याचं तेवढं बघा, आणि हार, शाल, श्रीफळ यातलं काही नको. दीड महिन्यात सात शाली झाल्यात, ऊन ४० डिग्री. त्यापेक्षा दोन फुटबॉल आणून ठेवा, भाषण झालं की ग्राउंडवर जाऊ आणि ज्याला कुणी गोलमध्ये उभं राहू देत नाही अशा पोराला मी पंधरा मिनिटं पडायला शिकवतो. पडायचं कसं हे शिकावं लागतं, आधी मांडी, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी जमिनीला आणि बॉल मध्ये. मुली असतील तर फारच छान, मिरजेच्या एका शाळेत एक मुलगी अशी पडली की माझीच कंबर धरली.

भिलारला, पुस्तकांच्या गावाला, एकदा जायचंय, महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी तिथं थांबून बघावंच. संक्रांतीला औदुंबरचं साहित्य संमेलन असतं, तिथं मी वीस-बावीस वर्षं ऐकायला जातोय, वाचायला कुणी बोलावलं तर नाही म्हणणार नाही, एवढंच इथं हळूच सांगून ठेवतो. बोलावलं नाही तरी येणारच आहे. बसायची सवय आहे.

मलाही माझ्या खेळाचं असंच लिहायचंय, काय करू?

आधी वही माळ्यावर ठेवा.

बाकी मला काय येतंय सांगायला. एक केलं ते सांगतो, लिहिलेलं प्रत्येक प्रकरण त्यातल्या एका तरी माणसाला वाचून दाखवलं. निम्म्या वेळा ते म्हणायचे असं नव्हतंच. मग भांडण, मग चहा, मग तिसऱ्याला फोन, आणि तिसरा काहीतरी चौथंच सांगायचा. पण त्यात एखादी अशी गोष्ट निघायची की जी मला बाकावरनं पण दिसली नव्हती. लेफ्ट आउटचा पोरगा १९८९ चा अख्खा सीझन चष्म्याचा नंबर असताना बिनचष्म्याचा खेळला, हे मला २०२२ ला कळलं. आम्ही त्याला वर्षभर शिव्या घातलेल्या.

घरच्यांना आवडलं का?

पोरीनं दोनदा वाचलं, प्रूफ पण तिनंच बघितलं. बायकोनं अजून वाचलेलं नाही. म्हणते सगळं ऐकलेलंच आहे, तीस वर्षं.

छापून आल्यावर काही चुका सापडल्या का?

शुद्धलेखनाच्या भरपूर, त्या तुम्ही नका सांगू, मिरजेच्या एका निवृत्त सरांनी लाल पेननं अख्खी प्रत तपासून परत पाठवलीय. पण एक मोठी आहे आणि ती माझीच. पान ११२ वर गोलचं माप '२४ बाय ८ मीटर' छापलंय. ते फूट पाहिजे, २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. एका कोल्हापूरकरानं फोन करून विचारलं की २४ मीटरचा गोल असेल तर तुमच्या टीमला दोन्ही गोली एकदम उतरवता आले असते की. उरलेल्या प्रतींवर मी रात्री बसून दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतोय, १८० झाल्या. ज्यांनी आधी घेतलंय त्यांनी कृपया पेननं करून घ्या.